४८ तास कुठून मोजायचे?

पुतण्या दिवाळीत बँकॉकला निघालाय. काल रात्री त्याचा फोन. "काकी, तो थायलंडचा ऑनलाइन फॉर्म आत्ताच भरून टाकू का? नंतर गडबडीत राहायचा." म्हटलं, थांब जरा. १ मे २०२५ पासून सुरू झालेला तो फॉर्म पोचायच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायचा असतो. आणि फुकट असतो, पैसे मागणारी साईट दिसली की बंद कर. तर म्हणतो, "तुझं बरं सगळं पाठ असतंय!"

पाठ नसून सांगते कुणाला? तास मोजण्यात आमची एक अख्खी ट्रिप गेलीय.

डिसेंबर २०२१. दुबईत एक्स्पो चालू होता. आपली नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं बंदच होती, पण दुबईशी एअर बबल होता, म्हणजे दोन देशांनी आपसांत ठरवून चालवलेली मोजकी विमानं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कोरोना थंडावला होता, म्हणून २७ डिसेंबरची तिकिटं काढली. २६ नोव्हेंबरला सरकारने जाहीर केलं, १५ डिसेंबरपासून नेहमीची विमानं सुरू. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने नव्या व्हेरियंटचं ओमिक्रॉन असं बारसं केलं. १ डिसेंबरला विमानांचा निर्णय मागे! तेव्हाच सासूबाई म्हणाल्या होत्या, "पैसं गेलं तर जाऊ द्यात, घरात बसा." ऐकायला हवं होतं का? अजून ठरत नाही.

दुबईचा तेव्हाचा नियम असा: स्वॅब दिल्यापासून ४८ तासांच्या आतला कोरोनाचा रिपोर्ट, क्यूआर कोडसकट. शिवाय निघायच्या आधी ६ तासांच्या आत विमानतळावर रॅपिड पीसीआर. शिवाय तिथे उतरल्यावर आणखी एक. अंधेरीत राहणाऱ्याला यात काही अवघड नाही. सकाळी स्वॅब, रात्री रिपोर्ट, दुसऱ्या दिवशी रिक्षाने विमानतळ. आता हेच कोल्हापुरातून करून बघा.

विमान सोमवारी रात्री दहाचं. म्हणजे स्वॅब शनिवारी रात्री दहाच्या आधी चालत नाही. रविवारी लॅब दुपारपर्यंतच उघडी, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. पण रॅपिड टेस्टच्या रांगेसाठी सोमवारी संध्याकाळी चार-पाचला मुंबईत पाहिजे, म्हणजे पहाटे घर सोडायचं. म्हणजे रिपोर्ट हातात नसताना निघायचं! ठाण्याला नणंदेकडे आदल्या दिवशी जाऊन तिथे स्वॅब द्यायचा विचार केला होता. पण कुणी पॉझिटिव्ह आलं तर तिचं अख्खं घर कोंडून घालायचं? नको.

तर सोमवारी पहाटे निघालो. खंबाटकी घाट उतरलो आणि व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आले. सगळे निगेटिव्ह. गाडीत टाळ्या. मग मी माझं नाव वाचलं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या, आणि लॅबमधल्या पोराने आधार बघून नाव टाकलेलं. पासपोर्टची झेरॉक्स मी त्याच्या हातात दिली होती, त्याने ती बाजूला ठेवली होती. फोन, परत फोन, "मॅडम, साहेब जेवायला गेलेत." दुरुस्त रिपोर्ट खोपोलीजवळ असताना आला आणि तिथल्याच एका झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला. आपल्याकडच्या किती बायकांचे दोन कागद एका नावाचे असतात, हे नियम करणाऱ्यांनी एकदा मोजावं.

दुबईबद्दल लिहीत नाही. छान होती, बघितली.

आम्ही तिथे पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी इकडे नवा नियम आला. दुबईहून मुंबईत उतरणाऱ्यांना सात दिवस घरात विलगीकरण, आणि मुंबईबाहेरच्यांनी बस-रेल्वेने गावी जायचं नाही, जिल्हा प्रशासन गाडीची सोय करेल. आमची परतीची स्लीपर बस बुक होती. ती गेली. प्रशासनाच्या गाडीची आम्ही वाट बघितली नाही, ओळखीच्या ड्रायव्हरला कोल्हापुरातून बोलावलं. येतानाचे पैसे, जातानाचे पैसे, त्याचा मुक्काम. शिवाय परत येण्यासाठी ७२ तासांच्या आतला आणखी एक रिपोर्ट, आणि भारतात येणाऱ्यांनी ऑनलाइन भरायचा एअर सुविधाचा फॉर्म. पोरगा दहा वर्षांचा. बारा वर्षांखालचा म्हणून दुबईला जाताना त्याला टेस्ट माफ, आणि पाचच्या वरचा म्हणून स्वतःच्या देशात येताना सक्तीची.

मला नियम नको होते असं नाही. दुसरी लाट आम्ही या गावात बघितलीय, ऑक्सिजनसाठी रात्री फिरलोय. राग एवढ्याचाच की निघालेल्या माणसासाठी मधेच खेळ बदलायचा, आणि बदलताना माणूस विमानतळाच्या शेजारीच राहतो असं धरून चालायचं. 'अमुक तारखेनंतर निघणाऱ्यांना लागू' ही एक ओळ लिहायला काय जातं? आम्ही घरात कोंडलेलो असतानाच ७ जानेवारीला केंद्राचा नियम आला, ११ तारखेपासून बाहेरून येणाऱ्या सगळ्यांनाच सात दिवस. १४ फेब्रुवारीला तोही गेला.

अर्थात आमचं काय, हौसेने गेलो होतो. मुंबईला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळ गडहिंग्लजकडचा एक जण भेटला. तिकडे सेंटरिंगची कामं करायचा. दीड वर्षाने येत होता, वीस दिवसांची रजा. गाडी करायला परवडणारं नव्हतं आणि बसने जाता येत नव्हतं, म्हणून आमच्याच गाडीत घेतला, पुढच्या सीटवर, काचा उघड्या ठेवून. सातारच्या पुढे कधीतरी बोलायला लागला. वडील आदल्या जानेवारीत गेले, तेव्हा येता आलं नव्हतं. ८ तारखेला वर्षश्राद्ध, त्याच्यासाठीच रजा काढलेली.

त्या दिवशी ४ तारीख होती. मी मनात सात दिवस मोजले. त्याने आधीच मोजले असणार. विचारलं, आता हो? तर म्हणाला, "बघू की वहिनी. वरच्या खोलीतनं दिसतंय अंगण."

आम्ही कोल्हापुरात उतरलो. ड्रायव्हर त्याला सोडायला पुढे गेला.