डिझेलचं आवतन

घरी बैलजोडी होती तेव्हा खाऊ घालणं सोपं होतं. कडबा टाकायचा, टोपल्यात सरकीची ढेप भिजवून ठेवायची नि बाजूला व्हायचं. बैल मान खाली घालून खायचे. गव्हाणीबाहेर काही सांडलं तर तेही चाटूनपुसून घ्यायचे. मग जोडी विकली आणि संत्र्याच्या बागेसाठी मिनी ट्रॅक्टर आणला. झाडाखालून निघतो, दोन ओळींत वळतो, एरवी गुणी पोरगं. फक्त त्याचं तोंड माझ्या छातीच्या वर आहे, आणि पाजल्याशिवाय ते पीत नाही.

पंप वरुडच्या रस्त्यावर, वावरापासून 11 किलोमीटर. मागे रोटाव्हेटर लावलेला ट्रॅक्टर तिथवर नेला, तर अर्धा दिवस जातो आणि भरलेल्यातलं बरंच वाटेतच पिऊन येतो. म्हणून मोटारसायकलच्या सीटवर 35 लिटरची कॅन आवळून आणायची.

डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं हे शाळेत शिकवतात. लिटरला सुमारे 830 ग्रॅम. ऐकायला बरं वाटतं. पण 35 लिटरचे 29 किलो होतात, कॅनचं वजन वेगळं. युरियाची गोणी 45 किलोची, ती मी आजही उचलतो. गोणीचं एक बरं असतं, पाठीवर बसली की गुमान बसते. डिझेलला बूडच नाही. तुम्ही डावीकडे झुकलात की ते उजवीकडे निघतं, आणि छातीपर्यंत आलं की नेमकं तुमच्याकडे यायला बघतं.

पहिल्या वर्षी एका हातात कॅन, दुसऱ्या हातात नरसाळं, एक पाय फूटबोर्डवर नि दुसरा देवाच्या भरवशावर, अशी माझी पद्धत होती. कॅन उपडी केली की आधी काहीच येत नाही. मग 'भक्' करून अर्धा लिटर एकदम येतं. नरसाळं भरतं, वाहतं, सीटवर सांडतं, तिथून पँटवर. घरी पोचायच्या आधी वास पोचायचा.

"काय जी, आजही सांडलं काय?" बायको चुलीपासूनच विचारायची. मी "थोडंसं" म्हणायचो. माझे कपडे वेगळ्या बादलीत, माझी चादर वेगळी. ट्रॅक्टर आणल्यापासून मी घरातला पाहुणाच झालो होतो.

शेजारच्या वावरातले दादाजी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून हा तमाशा बघायचे. एक दिवस त्यांना राहवलं नाही.

"अरे बाप्पा, तिले श्वास तं घेऊ दे! तोंड वरच्या अंगाले ठेव न."

म्हणजे कॅनचं तोंड ज्या बाजूला असतं ती बाजू खाली नाही, वर ठेवून कॅन आडवी करायची. मग वरून हवा आत जाते, खालून डिझेल गुमान येतं. करून पाहिलं. भक् बंद! पंधरा वर्षं मी कॅन उलटी धरत होतो, रॉकेलच्या जमान्यापासून.

पण खांद्याचं काय? म्हणून नळी आणली. एक टोक कॅनमध्ये, दुसरं तोंडात, आणि ओढलं. या विद्येत नेमकं कुठे थांबायचं ते कळत नाही. डिझेल घशापर्यंत आलं. मी थुंकलो, पण दोन दिवस चहा, भाकर, वांग्याची भाजी, सगळ्याला एकच चव. डॉक्टर म्हणाले, पोटापेक्षा छातीचं भ्या जास्त. चुकून फुफ्फुसात उतरलं तर जिवावर बेततं.

मग मी खुबी काढली की भरणंच पुढे ढकलायचं. उद्या भरू, परवा भरू. ऐन मृगात टाकी कोरडी पडून ट्रॅक्टर बागेच्या मधोमध थांबला. डिझेल ओतलं तरी ढिम्म हलेना. एअर धरली होती, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा अडकली होती! मिस्त्री आला. त्याने फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला आणि हातपंप दाबत बसला. आधी फेस, मग बुडबुडे, मग धार. "संध्याकाळी टाकी फुल ठेवत जा जी," तो म्हणाला, "रिकाम्या टाकीत रात्रीचा ओलावा धरते. पाणी भारी, ते बुडाशी जाऊन बसते." त्याची मजुरी ऐकून माझ्याच टाकीत पाणी झालं.

जाताना त्यानेच खरी नळी सुचवली. टोकाला पितळी बोंडी, आत काचेची गोळी. बोंडी डिझेलात बुडवून पाच-सहा झटके वरखाली दिले की धार आपोआप सुरू. अट एकच: कॅन टाकीपेक्षा उंच हवी. आता 29 किलो उंच न्यायचे म्हणजे पुन्हा खांदा आलाच. चार दिवस विचार केला. मग डोक्यात उजेड पडला, की कॅन वर कशाला न्यायची? ट्रॅक्टर खाली नेऊ, तो तर स्वतःच चालतो!

आमच्या वावराला लागून पांदण आहे, वावरापेक्षा चांगली कमरेइतकी उंच. मोटारसायकल पांदणीवर डबल स्टँडला. कॅन सीटवरून सोडायचीसुद्धा नाही. ट्रॅक्टर खाली धुऱ्याला लावून, इंजिन बंद करून, सायलेन्सर थंड होईतो एक विडी, तीही लांब जाऊन. मग झटके. पहिल्यांदा धार लागली तेव्हा मी हात मागे बांधून उभा राहिलो, पाटलासारखा.

पाटलासारखा उभा राहिलो म्हणूनच टाकी वरून वाहिली. बंद कशी करायची ते विचारलंच नव्हतं. कॅनमधलं टोक बाहेर काढायचं, नळीत हवा शिरते, धार तुटते. हे कळेपर्यंत धुऱ्यावरच्या हातभर जागेत गवत डिझेलात भिजलं होतं, पुढे ते वाळूनच गेलं.

तेव्हापासून मी सुखी होतो, म्हणजे साधारण तीन आठवडे. नंतर नळीची कीर्ती गावात पसरली. काकाजी घेऊन गेले, त्यांच्याकडून त्यांच्या जावयाने नेली, ती पार मोर्शीकडे गेली असं कळतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी कॅन पुन्हा माझ्याच छातीवर.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकून त्यांना जेवणाचं आवतन द्यायची रीत. जोडी विकलेली, म्हणून बायकोने मातीच्या बैलांचे खांदे शेकले. वाटीत तूप-हळद उरली होती. माझा हात वर जात नव्हता ते तिने पाहिलं. पळसाचं पान गरम केलं, खांद्यावर दाबलं आणि बैलांना म्हणतात तसंच म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"अन् ट्रॅक्टरले?" मी विचारलं.

"त्याले काहाले?" ती म्हणाली. "त्याचा खांदा कोठी दुखते?"