आठवड्यानंतर जा

तंत्रज्ञानावरचं कलाप्रदर्शन बघायचं असेल तर उद्घाटनाला जाऊ नका. आठवडाभर थांबा आणि मग जा. तेही भर दुपारी, गॅलरीत दुसरं कोणी नसताना.

उद्घाटनाला सगळं चालू असतंच. मागे पणजीत असंच एक प्रदर्शन लागलं होतं (कुठे ते लिहीत नाही, आपल्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात). अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टर, आपण हललो की भिंतीवरचं पाणी हलायचं. दुसऱ्या खोलीत मांडवीच्या भरती-ओहोटीच्या आकड्यांवर घंटा वाजवणारं यंत्र. ते मला फार आवडलं होतं, म्हणून घरच्यांना घेऊन पुन्हा गेलो. भिंतीवरचं पाणी आम्ही कितीही हातवारे केले तरी ढिम्म. एका पडद्यावर निळ्या रंगात ‘नो सिग्नल’. घंटा गप्प, आणि यंत्रावर चिकटपट्टीने लावलेला कागद: दुरुस्ती चालू आहे. दुरुस्ती करताना कोणी दिसत नव्हतं. राखणदार काकांना विचारलं तर म्हणाले, “तो करपी भुरगो बेंगळुराक गेला. आमकां हात लावपाक परवानगी ना.” (ते करणारा मुलगा बंगळुरूला गेलाय, आम्हाला हात लावायची परवानगी नाही.)

पणजीच्याच फोंतेन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेच्या दालनात ट्रिनदाद या गोव्याच्या चित्रकाराची तैलचित्रं आहेत. तो १९३५ साली वारला. त्याची चित्रं बघायला प्लग शोधावा लागत नाही. सर्किटवर चालणाऱ्या कलेचं तसं नसतं. त्यात गोव्याची हवा: खारा वारा, दमट भिंती, पावसाळ्यात लेन्सवर बुरशी, आणि वीज तर लहरीप्रमाणे येते-जाते. ज्या घरात मिक्सर दोन वर्षांत गंजतो तिथे सेन्सर नाजूकच असणार, हे क्युरेटरना ठाऊक नसतं असं नाही. पण बजेटमध्ये देखभालीचा रकानाच नसतो.

ही अडचण फक्त आपली नाही. नाम जून पाइक या व्हिडिओ कलाकाराने दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात १९८८ साली १००३ टीव्हींचा मनोरा उभा केला. जुने काचेचे टीव्ही एकेक करून जळत गेले, आणि २०१८ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून तो मनोरा बंदच करावा लागला. पुन्हा पूर्णपणे सुरू व्हायला २०२२ उजाडलं. वापरलेले टीव्ही शोधून आणले, जिथे मिळाले नाहीत तिथे चपटे पडदे बसवले. मूळ कलाकृती तीच राहिली का, यावर वाद घालता येईल. पण तिथे कोणीतरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वर्षानुवर्षं उभं होतं.

आणि त्याआधी, १९६६ साली, न्यूयॉर्कमध्ये बिली क्लूव्हर नावाच्या इंजिनिअरने १० कलाकार आणि बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतले ३० च्या आसपास इंजिनिअर एकत्र आणले. त्यांतल्या रॉबर्ट रॉशेनबर्ग या चित्रकाराच्या प्रयोगात टेनिसची रॅकेट चेंडूला लागली की आवाज घुमायचा आणि सभागृहातला एक दिवा विझायचा. रॅकेटमध्ये वायरिंग करणारा माणूस तिथे कलाकाराच्या बरोबरीने होता. आपल्याकडे तो ‘टेक्निशियन’ असतो, पत्रिकेत त्याचं नाव नसतं आणि उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी तो गाडी पकडतो.

मला राग याचा येतो की गोव्यात अशी माणसं वाड्यावाड्यावर आहेत. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे बघायला फिरा. वेल्डिंग केलेला लोखंडी सांगाडा, मोटर, बेअरिंग, आवाजाला जुळवलेले दिवे. मान वळते, हात उठतो, डोळे फिरतात. पहाटे तो जाळायचाच असतो, तरी रात्री दोन वाजता हात अडकला तर पाच पोरं खांद्यावर चढून तो सोडवतात. परीक्षक येईपर्यंत सोडा, समोर बघायला चार माणसं उभी असली तरी नरकासुर बंद पडलेला चालत नाही. कोणी म्हणेल, ती स्पर्धेची ईर्षा आहे, कला नव्हे. असेल. पण बंद यंत्रापुढे लावलेली संकल्पनेची पाटी, तीही फक्त इंग्रजीत, ती तरी कला कशी?

आता डिसेंबर आला की २०१६ पासून चालू असलेल्या सेरेंडिपिटी कला महोत्सवामुळे पणजी गजबजते, लहान गॅलऱ्याही आपापली प्रदर्शनं लावतात. मी जातोच, पुढेही जाणार. पिळर्णच्या म्युझियम ऑफ गोवापासून आल्तिनोच्या सुनापरांत कला केंद्रापर्यंत पोरांना घेऊन फिरावं असं बरंच आहे इथे. माझं मागणं एवढंच: प्रदर्शन उठेपर्यंत आयटीआयचा किंवा नरकासुर बनवणारा एक मुलगा दालनात पगारी ठेवा, यंत्र उघडायची परवानगी त्याला द्या, आणि त्याचं नाव कलाकाराच्या नावाखाली छापा. बघणाऱ्यांसमोर त्याने झाकण काढून वायरी जोडल्या तर माझी मुलं भिंतीवरच्या पाण्यापेक्षा तेच जास्त वेळ बघतील.

पैशांचं विचाराल तर, निमंत्रणाचा तो जाड कागद आणि उद्घाटनाची वाइन यांतूनच त्याचा रोज निघेल.