‘सहानंतर काही खाऊ नका’ : प्रीडायबेटिस असलेल्यांना मिळणारा अर्धवट सल्ला

सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा : साखर ‘बॉर्डरवर’ असेल तर संध्याकाळी सहानंतर काहीही खायचं नाही, कारण तेव्हा स्वादुपिंड झोपलेलं असतं आणि खाल्लेल्या प्रत्येक घासाची साखर होते. अगदीच राहवलं नाही तर गुळाचा चहा, मारी बिस्किटं किंवा चुरमुरे चालतात. महिनाभर हे पाळलं की एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, नॉर्मल.

उपाशीपोटी साखर १०० ते १२५ मिग्रॅ/डेसीलिटर किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के आली की सहसा प्रीडायबेटिस, म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, म्हणतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार आपल्या देशात या टप्प्यावर सुमारे १३.६ कोटी लोक आहेत. इथून मागे फिरता येतं, म्हणूनच इथे मिळणारा चुकीचा सल्ला मला जास्त खुपतो.

आधी स्वादुपिंडाचं बघू. ते झोपत नाही. रात्रभर यकृत रक्तात थोडी थोडी साखर सोडत असतं आणि तिला आवर घालायला स्वादुपिंडातून इन्सुलिनही रात्रभर झिरपत असतं. ते खरंच बंद पडलं तर सकाळी उठताना साखर कुठच्या कुठे चढलेली असेल. पण या दाव्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे आणि ती नाकारून चालणार नाही. संध्याकाळी शरीराची साखर हाताळण्याची ताकद कमी होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना तेच जेवण सकाळी आणि संध्याकाळी दिलं, तर संध्याकाळी जेवणानंतरची साखर १७ टक्के जास्त चढली. झोपेची वेळ जवळ आली की मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक वाढतं, आणि ते इन्सुलिन सुटण्याला काहीसा आवर घालतं. म्हणजे उशिरा आणि भरपेट जेवणं वाईट, हे बरोबर. त्यावरून ‘सहानंतर प्रत्येक घास विष’ कसं ठरतं?

सहाचा आकडा कुठून आला, तेही कळत नाही. लवकर जेवण्याबद्दल ज्या प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो, तो २०१८ चा. त्यात प्रीडायबेटिस असलेले आठ पुरुष होते आणि त्यांचं दिवसातलं शेवटचं जेवण दुपारी तीनच्या आत संपत होतं. पाच आठवड्यांत वजन न घटताही त्यांचं शरीर इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागलं, रक्तदाबही उतरला. निष्कर्ष महत्त्वाचा आहे, पण माणसं आठ आणि वेळ तीनची. दुसरीकडे २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझोऊचा वर्षभराचा अभ्यास आला. त्यात लठ्ठ व्यक्तींच्या दोन्ही गटांनी कॅलरी सारख्याच कमी केल्या आणि एका गटाने सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाल्लं. दोन्ही गटांच्या घटलेल्या वजनात म्हणावा असा फरक पडला नाही.

आता हा नियम आपल्या दिवसाला लावून बघा. डबा एक वाजता उघडला. ऑफिस सुटून लोकलने डोंबिवली-विरार गाठेपर्यंत आठ वाजले, घरचं जेवण साडेनऊला. सहानंतर खायचं नाही म्हणून मध्ये साडेआठ तास काही नाही, आणि शेवटी नियम मोडतोच. अशा भुकेने ताटावर बसलेला माणूस दोनऐवजी चार पोळ्या खातो, वर भात घेतो, आणि साडेदहाला आडवा होतो. साखर हाताळण्याची ताकद ज्या वेळी सगळ्यात कमी, नेमका त्याच वेळी सगळ्यात मोठा मारा. त्यापेक्षा साडेसहाला मूठभर फुटाणे किंवा वाटीभर मोडाच्या मटकीची उसळ खाल्ली तर रात्रीचं ताट आपोआप लहान होतं. मधल्या वेळचं खाणं हे रात्रीचं जेवण हलकं करण्याचं साधन आहे, आणि हा सल्ला तेच काढून घेतो.

त्याऐवजी हातात काय देतो? मारी बिस्किटं. पुडा उलटा करून घटक वाचा : पहिला मैदा, मग साखर आणि तेल. चार बिस्किटांत पंधरा ते वीस ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे जवळपास एका पोळीइतकी, पण पोळीतला कोंडा त्यात नाही. गुळाचा चहा साखरेच्या चहाइतकाच साखर वाढवतो, कारण गुळातही मुख्यतः तीच साखर असते. चुरमुरे हाताला हलके लागतात म्हणून निर्धास्तपणे खाल्ले जातात, पण तो फुललेला तांदूळच, झटकन पचतो आणि झटकन साखर चढवतो. खायचेच असतील तर वाटीभर घ्या आणि त्यात शेंगदाणे, कांदा, टोमॅटो, काकडी चुरमुऱ्यांपेक्षा जास्त घाला. उकडलेलं अंडं, बिनसाखरेचं ताक, मुगाचं छोटं धिरडं, हे सगळं चालतं. ‘डायबेटिक’ लिहिलेल्या फरसाणाला मात्र हात लावू नका; बहुतेकदा तेही तळलेलंच असतं.

राहिला महिन्याचा वायदा. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे एचबीएवनसीत गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब असतो. महिन्याने आकडा थोडा हलेल, पण खरं चित्र तीन महिन्यांनीच दिसतं. आणि मधुमेह कशाने टळतो, याचे पुरावे आहेत. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या चाचणीत वजन ७ टक्के कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे लक्ष्य ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या २००६ च्या चाचणीत आहार-व्यायामातल्या बदलाने ते २८.५ टक्क्यांनी घटलं. रात्री जेवून लगेच टीव्हीसमोर बसण्याऐवजी पंधरा मिनिटं खाली चक्कर मारणं हे तर आजपासून जमण्यासारखं आहे.

हा मेसेज ग्रुपवर टाकण्याआधी तो आणखी कोण वाचणार आहे, तेवढं आठवा. ग्रुपमधल्या एखाद्या काकांना मधुमेह असतो, ते ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेत असतात. त्यांनी डॉक्टरांना न विचारता संध्याकाळपासून उपाशी राहायचं ठरवलं, तर रात्री साखर एकदम खाली जाऊ शकते : घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं, आणि झोपेत असतील तर घरच्यांना पत्ताही लागत नाही.