खुलासा : ०.७ टक्के हा कायदा नव्हे, दिलेला शब्द आहे

फोंडा-म्हार्दोळ भागातल्या काही व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे : "श्रीमंत देशांनी उत्पन्नाचे ०.७ टक्के गरीब देशांना देणे संयुक्त राष्ट्रांच्या कायद्याने बंधनकारक आहे आणि ते सगळे देतात." यातली दोन्ही विधाने चुकीची आहेत.

२४ ऑक्टोबर १९७० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या ०.७ टक्क्यांबाबत केला तो ठराव, कायदा नव्हे. तो पाळला नाही म्हणून कोर्टात दाद मागता येत नाही. अमेरिकेने हे उद्दिष्ट कधी स्वीकारलेच नाही. ब्रिटनने २०१५ मध्ये स्वतःचा कायदा केला, तरी २०२१ पासून प्रमाण ०.५ टक्क्यांवर आणले. २०२४ मध्ये उद्दिष्ट गाठले ते फक्त नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन आणि डेन्मार्क यांनी. देणगीदार देशांचे एकत्रित प्रमाण ०.३३ टक्के, म्हणजे शब्द दिला त्याच्या निम्मेही नाही.

'मदत' या शब्दानेही गल्लत होते. गोव्याच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण प्रकल्पासाठी २००७ मध्ये जपानशी करार झाला तो कर्जाचा. सवलतीचे खरे, पण फेडायचे. अशा कर्जातला सवलतीचा हिस्साच २०१८ च्या आकडेवारीपासून मदत म्हणून धरतात, हे बरे झाले. पण आपल्याच देशात आश्रयाला आलेल्या निर्वासितांवरचा पहिल्या वर्षाचा खर्चही देणगीदार यात मोजतात, तो पैसा गरीब देशापर्यंत पोचतच नाही. मला हे गैर वाटते.

ज्यांनी मूळ मजकूर पुढे पाठवला, त्यांनी ही दुरुस्तीही त्याच गटांवर टाकावी, ही कळकळीची विनंती.