पिंप म्हणजे तारू

डॉक्टर म्हणाले, "ताण कमी करा."

"म्हणजे काय करू?"

"काही करू नका. तेच तर सांगतोय."

काही न करणं ऐकायला सोपं असतं. मी घरी येऊन खुर्चीत नुसता बसलो, तर पंधरा मिनिटांत बायकोनं तीनदा विचारलं, "अहो, बरं वाटत नाहीये का?" चौथ्यांदा तिनं कपाळाला हात लावून पाहिला. हात माझ्या कपाळाला होता, पण चेहरा स्वतःच्या कपाळाला लावल्यासारखा होता.

मग भाचीनं सूत्रं हाती घेतली. "मामा, तू ना, अ‍ॅटेलिए नावाचा व्हिडिओ गेम खेळ."

"मला त्या बंदुका वगैरे..."

"बंदुका नाहीत रे! किमया आहे. एक गोड मुलगी असते, तिची छोटीशी कार्यशाळा असते. रानात जायचं, पानं-फुलं-दगड गोळा करायचे, हंड्यात टाकायचे, ढवळायचं. झालं. जग वाचवायचं नाही की काही नाही."

जग वाचवायचं नाही म्हटल्यावर मी विरघळलो. मी ज्या ज्या गेमबद्दल आजवर ऐकलं होतं, त्या सगळ्यांत जग कायम अत्यवस्थ असायचं. इथे ती भानगडच नाही, आणि हे आजचं नाही. 1997 साली जपानातल्या नागानोच्या गस्ट कंपनीनं प्लेस्टेशनवर या मालिकेतला पहिला गेम आणला, तेव्हा जाहिरातीतच सांगून टाकलं होतं की जग वाचवणं आता पुरे. नायिका होती मारी, अकादमीतली सगळ्यात ढ विद्यार्थिनी. ढ असणं आणि जग न वाचवणं, या दोन्ही बाबतींत माझा अनुभव दांडगा असल्यामुळे मी होकार दिला.

चूक पुढच्या प्रश्नात झाली. मी विचारलं, "सुरुवात कुठून करू?"

भाचीनं लगेच तीन मैत्रिणींना फोनवर घेतलं. मला वाटलं, एका मिनिटाचं काम. पाऊण तासानं मी फोन टेबलावर ठेवून पाणी पिऊन आलो तरी भांडण चालूच होतं. एकीचं म्हणणं, 2019 सालच्या रायझाच्या गेमपासून सुरू करा, तो सगळ्यांना आवडतो. दुसरी म्हणाली, रायझा सगळ्यांना आवडतो याचं कारण किमया नाही. ते कारण काय, हे मामांसमोर सांगायला चौघींनीही नकार दिला. नंतर मी रायझाचं चित्र पाहिलं आणि विचारलं नाही तेच बरं केलं, असं वाटलं. तिसरीचं मत, 2015 ची सोफीच बरी. तिच्याकडे बोलणारं पुस्तक आहे आणि मुदत नाही.

"मुदत नाही तर मग तो अ‍ॅटेलिए कसला?" भाची उसळली.

इथे मला पहिल्यांदा शंका यायला हवी होती. आरामाच्या खेळात मुदत कशाला? पण त्या चौघी दोन तटांत विभागल्या होत्या, मुदतवाल्या आणि बिनमुदतवाल्या, आणि मधे बोलायची माझी छाती झाली नाही. मुदतवाल्यांचा दावा असा की दिवस मोजून खर्च करावे लागतात, म्हणूनच प्रत्येक दिवसाला किंमत येते. बिनमुदतवाल्यांचा दावा असा की दिवस मोजायचे असतील तर नोकरी आहेच. कंपनीही या वादाला कंटाळली असावी. मारीचा गेम 2023 साली नव्यानं आणला, तेव्हा मूळच्या 5 वर्षांच्या मुदतीबरोबर बिनमुदतीचा पर्यायही देऊन टाकला. घटस्फोटात दोघांनाही मुलं मिळाल्यासारखं झालं. तरीही तंटा मिटला नाही. आता मुदत बंद करून खेळलेलं खेळल्यात धरायचं की नाही, यावर वाद आहे.

आवाज भाचीचा मोठा, म्हणून मला मुदतवाली टोटोरी मिळाली.

टोटोरी मूळची 2010 ची, माझ्याकडे आली ती नवी आवृत्ती. अलान्या नावाचं समुद्रकाठचं खेडं. तिथली ही मुलगी किमया करताना हंड्याचा स्फोट करते, आणि थोरली बहीण सेसी घर आवरते. टोटोरीची गुरू रोरोना. रोरोनाच्या शिकवणीतून आजवर फक्त टोटोरीच काहीतरी शिकून बाहेर पडली, कारण बाईंना स्वतःला सगळं येतं, पण सांगता काहीच येत नाही. असे शिक्षक मला गणिताला होते. आई गिझेला मोठी साहसी, पण बऱ्याच वर्षांपूर्वी नाहीशी झालेली. तिला शोधायचं म्हणून टोटोरी साहसी व्हायला निघते.

आणि वडील आहेत. त्यांचं नाव ग्विड. ते घरातच असतात, पण कुणाला दिसत नाहीत. अदृश्य वगैरे नव्हेत, त्यांचं अस्तित्वच इतकं फिकट आहे की शेजारी उभे असले तरी लोक दचकतात. मुली बोलत असतात, आणि मधेच वडील सांगतात की मी मघापासून इथेच आहे. हा या खेळातला विनोद आहे, असं भाचीनं मला समजावलं. मला तो विनोद असल्याचं समजायला थोडा वेळ लागला. मी त्याला वास्तववाद समजत होतो.

खेळ जपानी, नावं जर्मन वळणाची, पात्रं जपानीत बोलतात, खाली इंग्रजी अक्षरं, आणि मी मनात मराठीत शिव्या देतो, असा एकूण कारभार. कागदाला इथे त्सेटेल म्हणतात, पैशाला कोल. झाडाखाली उनी सापडतो, चेस्टनटच्या काटेरी बोंडासारखा. जपानीत उनी म्हणजे समुद्रातला काटेरी प्राणी, तो झाडाखाली कसा आला हे विचारायचं नाही. भाषेनं माझा सगळ्यात मोठा घोळ केला तो पिंपाजवळ. या मालिकेतल्या मुलींना पिंप दिसलं की त्या मोठ्या आनंदानं ओरडतात, "तारू!" मी पहिल्यांदा ऐकलं आणि कंट्रोलर सोडून स्क्रीनजवळ गेलो. समुद्रकाठचं गाव, आई समुद्रापार गेलेली, म्हणजे पोरीला क्षितिजावर जहाज दिसलं असणार. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, धक्क्यावर जाऊन आलो. तारवाचा पत्ता नाही. तीन पिंपं झाल्यावर भाचीला फोन केला, तेव्हा कळलं की जपानीत तारू म्हणजे पिंपच. पिंप दिसलं म्हणून पिंप म्हणायचं, यात विनोद काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "काही नाही. म्हणूनच तर गंमत आहे." या मालिकेवर याहून नेमकं मत मला अजून सापडलेलं नाही.

साहसी व्हायला परवाना लागतो. त्यासाठी आर्लंड शहरात जायचं, तिथे गिल्डच्या, म्हणजे साहसींच्या संघटनेच्या, खिडकीवर कॉर्डेलिया नावाची बुटकी आणि तिखट बाई बसलेली असते, तिच्याकडून तो घ्यायचा. परवान्याची मुदत 3 वर्षं. तेवढ्यात जागा शोधून, राक्षस मारून, वस्तू बनवून पुरेसा वरचा दर्जा मिळवला नाही तर नूतनीकरण नाही, आणि खेळ तिथेच खलास. आराम करायला म्हणून मी जिथे गेलो, तिथे मला खिडकी, परवाना आणि नूतनीकरण भेटलं होतं. तरी मी हसलो. तीन वर्षं! तीन वर्षांत माणूस काय काय करतो!

मी गवत गोळा केलं.

मला दोष देऊ नका. जिथे चमकतंय तिथे हात घालायचा, असा खेळ आहे, आणि जिकडेतिकडे चमकतं. एका झाडाखालचे दोन उनीसुद्धा सारखे नसतात. प्रत्येकाची प्रत वेगळी, गुणधर्म वेगळे, आणि ते गुणधर्म पुढे बनवलेल्या वस्तूत उतरतात. म्हणजे आज खुडलेल्या पानाचा गुण उद्याच्या औषधात जाणार. हे कळल्यावर एकही पान टाकवेना. पुढे कधीतरी लागेल, या एका वाक्यावर मी टोपली भरत गेलो. माळ्यावर रिकामी खोकी जमवणाऱ्या माणसाच्या हाती असा खेळ देणं हाच मुळात गुन्हा होता. आणि खुडायलाही वेळ जातो, ही गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. चालायला दिवस जातात, हंडा ढवळायला दिवस जातात, लढायलाही वेळ जातो. एकदा मी एका औषधासाठी सगळं जमवून घरी आलो, हंड्यापाशी उभा राहिलो, तर एक जिन्नस कमी. तो आणायला पुन्हा रानात. तिथून येईतो महिना उलटलेला. खेळातली मुलगी एकही शब्द न बोलता दर वेळी उत्साहानं निघते, हे पाहून मला भरून यायचं.

माझी अवस्था पाहून सल्ले सुरू झाले. "मामा, लढाईत बॉम्ब वापर, ते फक्त किमयागारांनाच वापरता येतात, बाकीचे तिला वाचवतात." हे कामाचं होतं. "आधी नकाशा उघड, किमया नंतर." "आधी किमया, नकाशा आपोआप उघडतो." हे दोन्ही एकाच संध्याकाळी, दोन मैत्रिणींकडून. सोफीवाली मात्र रोज एकच निरोप पाठवायची, "काका, अजूनही वेळ गेलेली नाही." तिला खेळ सोडायची वेळ म्हणायचं होतं.

पुढे मदतीला चिम आले. हे किमयेतून जन्मलेले बुटके मदतनीस, "चिम चिम" असं बोलतात, त्यांना काम नेमून दिलं की वस्तू बनवून देतात. चिमुकल्यांना चिम म्हणणारी भाषा परकी कशी वाटेल? पण त्यांनाही पाय खायला घालावा लागतो, म्हणजे सारण भरून भाजलेला पाय, नाहीतर ते दमतात. आता मुलीचा परवाना, माझा गवताचा साठा आणि चिमांची जेवणं, असा तिहेरी व्याप झाला. मी ऑफिसच्या डायरीत मागच्या पानावर रकाने पाडले.

त्या डायरीमुळे एका रात्री घरात प्रसंग ओढवला. बायको चष्मा लावून ते पान वाचत होती.

"मुदत संपायला चाळीस दिवस. कसली मुदत?"

"टोटोरीची."

"कोण टोटोरी?"

"आहे एक मुलगी. तिचा परवाना..."

"आणि हे? 'चिमांना पाय देणे.' अहो, कुणाचे पाय?"

मी समजावून सांगायला गेलो. एखादी गोष्ट समजावताना ती जास्त संशयास्पद होत जाते, हे मला माहीत असायला हवं होतं. शेवटी मी तिला स्क्रीन दाखवली. पडद्यावर गुलाबी कपड्यांतली मुलगी पिंपाशी उभी राहून ओरडत होती. बायकोनं ते पाहिलं, डायरी पाहिली, मला पाहिलं. "डॉक्टरांना विचारून खेळताय ना?" एवढंच म्हणून ती झोपायला गेली.

चाळीस दिवसांनी परवाना गेला. म्हणजे खेळातले चाळीस दिवस, आमच्याकडची दीड संध्याकाळ. माझ्या पेटाऱ्यात गवताचे भारे होते, त्यातलं बरंचसं उत्तम प्रतीचं. दर्जा मात्र पुरला नाही. टोटोरीची गोष्ट तिथेच थांबली, आईचा शोध न लागताच. कुणी ओरडलं नाही, काही कोसळलं नाही. संथ संगीत वाजत होतं. जग बुडालं असतं तर एवढं लागलं नसतं, कारण जग काही मला रोज उत्साहानं रानात घेऊन गेलं नव्हतं.

भाचीला कळवलं. तिला विलक्षण आनंद झाला. "झालं ना? माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं! आता कळलं का मुदत कशाला हवी?" सोफीवालीचा निरोप आला, "आता कळलं का मुदत का नको?" माझ्या एकाच पराभवावर दोन्ही पक्षांनी विजय साजरा केला.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. डॉक्टरांना हे सांगणार नाही.

दुसऱ्या खेपेला मी निर्दय झालो. चमकणाऱ्या झुडपांकडे पाठ फिरवून चालायला शिकलो, ते सोपं नव्हतं. चिमांचे पाय आधीच भाजून ठेवले. परवान्याचं नूतनीकरण झालं त्या क्षणी मी खुर्चीतून उठून कॉर्डेलियाबाईंना हात जोडले. मग समुद्र आला. आईच्या मागावर जायचं तर समुद्र ओलांडायचा, समुद्रात फ्लाउशट्राउट नावाचा राक्षस, आणि त्याच्यापर्यंत पोचायला हवं जहाज. ते कोण बांधणार? तर वडील. इतके दिवस जे कुणाला दिसत नव्हते, ते ग्विड. साहित्य मुलीनं आणून द्यायचं, जहाज बापानं उभं करायचं. आता पिंपासमोर नव्हे, खऱ्या तारवासमोर आम्ही उभे होतो, आणि नेमकी या वेळी तारू म्हणून कुणीच ओरडलं नाही. मीच ओरडलो. जरा मोठ्यानं ओरडलो असणार, कारण आतून बायको आली.

"आता काय झालं?"

"काही नाही. जहाज तयार झालं."

ती थोडा वेळ उभी राहून बघत होती. मी राक्षसासाठी बॉम्ब मोजत होतो, किती आहेत, किती लागतील, दिवस किती उरलेत. रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिली होती हेही आठवलं. तेवढ्यात तिनं पडद्याकडे बोट केलं.

"तो कोपऱ्यातला माणूस कोण हो? गुपचूप उभा आहे तो?"

मी बॉम्ब मोजायचे थांबवले. दोन खेपा झाल्या, एवढ्या दिवसांत गावातल्या कुणालाही तो धड दिसला नव्हता. तिला एका नजरेत दिसला.

"वडील," मी म्हणालो. "टोटोरीचे."

"हां," ती म्हणाली, आणि गोळी आणायला आत गेली.