गीज बेंडच्या बायकांना एका ओळीत उरकू नका

शाश्वत धाग्यांच्या भविष्यावरचा तुमचा लेख आवडला, पण एवढं लिहिताना अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या गीज बेंडच्या रजया शिवणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांना एकाच ओळीत उरकलंत, ते खटकलं. अलाबामा नदीच्या वळणातलं हे गाव. या बायकांचे पूर्वज तिथल्याच कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. शेतात विरलेल्या डेनिमच्या पँटी, धान्याची पोती, काहीही वाया न घालवता या बायकांनी रजया शिवल्या. त्यांच्यातल्याच मिसूरी पेटवे यांनी १९४२ साली नवरा गेल्यावर त्याच्याच कामाच्या कपड्यांची रजई केली. गुडघ्यावर विटलेला निळा रंग, डाग, सगळं तसंच ठेवलंय. फोटो जरूर बघा, नजर हटत नाही. १९७२ मध्ये सिअर्स या अमेरिकी दुकानांच्या कंपनीसाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं, तर उरलेल्या तुकड्यांच्याही रजया झाल्या!

आपल्याकडे आजीच्या लुगड्यांची गोधडी होते, आणि कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका तशीच तुकड्यांची रजई, कवंदी, शिवतात. म्हणून हे मला फार जवळचं वाटतं.

जुनं सुती कापड पुन्हा वापरणं सोपं होतं. आज बऱ्याच कपड्यांत सूत आणि पॉलिएस्टर एकत्र विणलेलं असतं आणि ते वेगळं करणं फार अवघड जातं. त्यामुळे नुसत्या रिसायकलिंगच्या यंत्रांवर भिस्त ठेवण्याऐवजी कापड विणतानाच त्याच्या पुढच्या वापराचा विचार व्हायला हवा. आणि कापड बनवणाऱ्या कंपन्या यासाठी सल्लागार नेमतील तेव्हा रजया शिवणाऱ्या या बायकांना मानधन देऊन बोलवावं, नुसते त्यांचे नमुने उचलू नयेत. पुढच्या भागात यावर सविस्तर लिहाल का?