केस टाकायला हायकोर्टाची परवानगी लागते म्हणे! साफ खोटं आहे हे

एक मेसेज फिरतोय आणि काल तो माझ्या मावशीपर्यंत पोचला. त्यात लिहिलंय की नवीन कायदा आलाय, आता कुणालाही केस टाकायची तर आधी हायकोर्टाची परवानगी, दोन केस हरलात की नाव ब्लॅकलिस्टला, समोरच्या पार्टीचा वकील एका अर्जावर तुम्हाला त्रासखोर ठरवणार, आणि एकदा ठरलात की कोर्टाचं दार कायमचं बंद. मावशीचा भाऊबंदांशी बांधावरून दावा चालूय, ती घाबरून म्हणते दावाच काढून घेते.

पहिलं म्हणजे कायदा नवीन नाही, खोडसाळ दावेबाजी रोखायचा हा महाराष्ट्राचा कायदा 1971 चा आहे. आणि समोरचा वकील अर्ज करून तुम्हाला त्यात अडकवू शकत नाही. अर्ज करायचा राज्याच्या महाधिवक्त्यांनी, म्हणजे सरकारच्या सर्वोच्च वकिलांनी, निर्णय हायकोर्टाचा, तोही तुमचं म्हणणं ऐकून घेतल्यावरच. माणूस सवयीने, काही आधार नसताना, लोकांना छळायलाच केसेस टाकतोय अशी कोर्टाची खात्री पटावी लागते. दोन केस हरणं म्हणजे सवय झाली का?

दार कायमचं बंद हेही खोटं. असा आदेश झालेल्या माणसाला नवीन केस टाकायला आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते, पण त्याच्या केसमध्येही प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर ती मिळते. मद्रासच्या 1949 च्या अशाच कायद्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलं होतं आणि साठच्या दशकातच कोर्टाने तो वैध ठरवलाय.

बरं, काही ठिकाणी परवानगी लागते हे खरंय. सार्वजनिक ट्रस्टबद्दलचे ठराविक दावे धर्मादाय आयुक्तांच्या संमतीशिवाय लावता येत नाहीत, सरकारवर दिवाणी दावा करायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तातडी असेल तर नोटीस न देता दावा लावायला कोर्टाची परवानगी. पण बांधाच्या भांडणाचा याच्याशी काय संबंध?

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या परवानगीची मावशीला खरंच गरज पडेल तिच्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 23 नियम 1 प्रमाणे चालू दावा काढून घेताना "पुन्हा नवीन दावा लावायची मुभा" कोर्टाकडून मागून घेतली नाही तर त्याच कारणावर परत दावा लावताच येत नाही. मुभा मिळाली तरी दावा लावायची कायदेशीर मुदत थांबत नाही, पहिला दावा लावलाच नव्हता असं धरून ती मोजतात. म्हणजे असले मेसेज वाचून घाबरून पुरसिस (दावा काढून घेत असल्याचं कोर्टाला लेखी निवेदन) देणाऱ्या बाईची जमीन कायमची जाऊ शकते, आणि फॉरवर्ड करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

मावशी, पुढच्या तारखेला कशावरही सही करू नकोस, आधी आपल्या वकीलसाहेबांना ऑर्डर 23 चं विचार. आणि ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी त्याच ग्रुपवर तो खोटा आहे हेही टाका.